स्वस्ताईचा ताळेबंद



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते त्यांनी सार्वजनिक पैशाच्या हिशेबाविषयी आयुष्यभर जी आस्था बाळगली, तिला साजेल असा विषय निवडावा हे मी निमंत्रण स्वीकारतानाच ठरविले होते. आणि म्हणून परकीय भांडवलाने आपल्या देशात यावे, कारखाने काढावेत, या हेतूने निरनिराळ्या देशांत उद्योग चालविण्यास किती खर्च येतो याची तुलना मांडण्याचा जो शिरस्ता गेल्या काही दशकांत जगभर पडला आहे, त्याविषयी मी आज बोलणार आहे. विषय प्रथमदर्शनी रुक्ष आहे. परंतु ज्या कोष्टकाच्या आधाराने एखाद्या जिल्ह्यातील हजारो हातांना काम मिळावयाचे की नाही हे ठरते, ज्याचा दाखला देऊन सरकारे कर माफ करतात आणि त्या माफीची भरपाई कोठल्या तरी शाळेच्या, इस्पितळाच्या किंवा रस्त्याच्या तरतुदीतून होते, ते कोष्टक कसे तयार होते हे समजून घेणे कारखानदारापेक्षाही नागरिकाला अधिक अगत्याचे आहे.

या कोष्टकाचे स्वरूप असे असते. डावीकडे खर्चाच्या बाबी : मजुरी, जागेचे भाडे, वीज, पाणी, वाहतूक, व्याज, कर. माथ्यावर देशांची किंवा शहरांची नावे. केपीएमजी या जगप्रसिद्ध हिशेबतपासनीस संस्थेने गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून २०१६ पर्यंत असा अभ्यास वारंवार प्रसिद्ध केला. त्याची रीत अशी की एक काल्पनिक कारखाना घ्यावयाचा, तीच यंत्रे, तितकेच कामगार, तितकाच माल. तो शंभराहून अधिक शहरांत मांडून पाहावयाचा, दहा वर्षांत त्याला करांसह किती खर्च येईल ते काढावयाचे, आणि अमेरिकेचा खर्च १०० धरून इतर देशांचे अंक त्याच्या शेजारी लिहावयाचे. जपानची जेट्रो ही सरकारी संस्था आशियातील मोठ्या शहरांतील मजुरी, भाडी आणि विजेचे दर असेच गोळा करून आपल्या कारखानदारांपुढे ठेवीत आली आहे. अशी तुलना करणे गैर आहे काय? मुळीच नाही. परक्या मुलुखात पाऊल टाकणाऱ्या माणसाने खर्चाचा अंदाज घेऊ नये, असे कोण म्हणेल? माझे म्हणणे निराळे आहे. या कोष्टकातील एका बेरजेत तीन निरनिराळ्या जातींची स्वस्ताई एकत्र मिळविलेली असते : एक, जी कौशल्यातून आणि सुव्यवस्थेतून येते, दुसरी, जी चलनाच्या चढउतारातून येते, आणि तिसरी, जी कोणा दुसऱ्याने खर्च सोसल्यामुळे येते. बेरीज झाली की तिन्ही एकरूप दिसतात. आणि ज्या देशाचे राज्यकर्ते त्यांतील भेद विसरतात, त्यांच्या प्रजेला त्या विसराची किंमत मोजावी लागते.

चलनाची गोष्ट प्रथम सांगतो, कारण ती थोडक्यात आटोपते. केपीएमजीच्या अभ्यासात कॅनडाचा खर्च २०१४ साली अमेरिकेपेक्षा ७.२ टक्क्यांनी कमी होता. २०१६ साली तोच १४.६ टक्क्यांनी कमी झाला. दोन वर्षांत लाभ दुप्पट! मधल्या काळात कॅनडाचे कामगार दुपटीने उद्योगी झाले काय? तेथील विजेचे जाळे, तेथील आगगाड्या दुपटीने कार्यक्षम झाल्या काय? घडले ते इतकेच की खनिज तेलाचे भाव कोसळले आणि त्यांच्यामागोमाग कॅनडाचा डॉलर घसरून २०१६ च्या जानेवारीत अमेरिकेच्या सत्तर सेंटांखाली गेला. हाच डॉलर २००२ च्या आरंभी बासष्ट सेंटांच्या आसपास होता आणि २००७ च्या सप्टेंबरात अमेरिकन डॉलरच्या बरोबरीला आला होता. कारखाना उभारला जातो वीस-पंचवीस वर्षांसाठी. कोष्टक छापले जाते एका विशिष्ट दिवसाच्या विनिमयदराने. मुंबईला हा धडा नवा नाही. १९२६ साली हिल्टन यंग आयोगाने रुपयाचा दर एक शिलिंग सहा पेन्स असावा अशी शिफारस केली, तेव्हा सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी भिन्नमतपत्रिका जोडून एक शिलिंग चार पेन्सांचा आग्रह धरला. आणि या दोन पेन्सांमुळे परदेशी मालाला साडेबारा टक्क्यांची सवलत मिळते, अशी मुंबईच्या गिरणीमालकांची तक्रार होती. गिरणीत तसूभरही फेरफार न होता तिचा माल परक्याच्या तुलनेत महाग ठरू शकतो, हे या शहराला तेव्हापासून ठाऊक आहे.

आता मजुरीकडे वळतो. सर्वांच्या नजरा जिच्यावर प्रथम जातात ती हीच बाब, आणि सर्वांत अधिक दिशाभूल करणारीही हीच. रोजंदारी कमी म्हणजे काम स्वस्त, असे मानण्याची चूक फार जुनी आहे. १९१० च्या सुमाराच्या कापडगिरण्यांचे आकडे अर्थशास्त्राच्या इतिहासकारांनी बारकाईने तपासले आहेत. त्यांवरून असे दिसते की अमेरिकेच्या न्यू इंग्लंड प्रांतातील गिरणीत एक माणूस जितके काम करी, तितक्याला हिंदुस्थानात, चीनमध्ये किंवा जपानातही जवळजवळ सहा माणसे लागत. आणि यंत्रे तर बहुधा त्याच इंग्रज कारखान्यांत घडलेली! मग मजुरी कितीही कमी असली तरी मुंबईचे सूत त्या प्रमाणात स्वस्त कसे पडावे? याचा दोष कामगाराच्या आळसाला देणे मला अन्यायाचे वाटते. आखूड धाग्याचा कापूस वारंवार तुटतो आणि तुटलेले सूत जोडण्यास हात लागतात. जॉबरच्या, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाच्या, मर्जीवर ज्याची नोकरी, आणि बदली म्हणून ज्याला रोज सकाळी गिरणीच्या दरवाजाशी उभे राहावे लागते, त्याच्या हाती कसब मुरणार कधी? ज्या मालकाला माणूस स्वस्त मिळतो त्याला यंत्राची, कापसाच्या प्रतीची आणि माणसाच्या शिक्षणाची फिकीर करण्याचे कारण उरत नाही. कमी मजुरी हीच पुष्कळदा महाग कामाचे मूळ असते, आणि हे कोष्टकात कोठेही दिसत नाही.

पुढच्या वीस वर्षांत जपान पुढे गेला. १९२६-२७ साली टॅरिफ बोर्डाने कापड-उद्योगाची चौकशी केली, तेव्हा मुंबई आणि जपान यांच्या खर्चाची जी तुलना मांडली गेली, ती माझ्या समजुतीप्रमाणे आपल्या देशातील अशा अभ्यासांतील पहिल्या मोठ्या अभ्यासांपैकी एक होय. तीत एक बाब अशी निघाली की जपानात स्त्रिया आणि मुली रात्रपाळीत काम करीत. आपल्याकडे कायद्याने ते मना होते. म्हणजे जपानी कापडाच्या स्वस्ताईचा काही भाग उत्तम व्यवस्थेतून आलेला, आणि काही भाग गिरणीच्या वसतिगृहात कोंडलेल्या खेड्यातील मुलींच्या झोपेतून कापून घेतलेला! दोन्हींचा आकडा एकच. एकाचे अनुकरण करणे आपले कर्तव्य होते. दुसऱ्याचे अनुकरण न करणे हेही तितकेच कर्तव्य होते. मुंबईच्या मालकांनी काय केले? एका विणकराकडे दोन साच्यांऐवजी तीन साचे, कातणाऱ्याकडे चात्यांच्या दुप्पट बाजू, आणि दराची कपात. परिणामी १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख कामगार संपावर राहिले. सहा महिने बंद पडलेल्या गिरणीचा खर्च दर वार कापडामागे किती धरावयाचा? तुलना करणाऱ्यांनी ती बाब कधी मांडली नाही; परळ-लालबागच्या चाळींनी मात्र ती भरली.

श्रोतेहो, स्वस्त मजुरीच्या या प्रश्नाचा सर्वांत धीट विचार मला ज्या देशात आढळतो तो आकाराने आपल्या एखाद्या तालुक्याएवढा आहे. सिंगापूर. १९६१ साली तेथे आर्थिक विकास मंडळ स्थापन झाले आणि गोह केंग स्वी या अर्थमंत्र्याने जुरोंगच्या दलदलीत औद्योगिक वसाहत उभी करावयास घेतली, तेव्हा लोक तिला मूर्खपणा म्हणत. १९६८ साली ब्रिटिशांनी आपला लष्करी तळ हलविण्याचे जाहीर केले आणि त्यावर पोट भरणाऱ्या हजारो कुटुंबांपुढे अंधार उभा राहिला. त्या सुमारास तेथील सरकारने जे केले ते पुष्कळांनी केले असते : निर्यातीच्या नफ्यावरील कर ४० टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला, कामगारकायदा मालकांना अनुकूल केला, आणि अमेरिकेतील अर्धवाहकांच्या कंपन्यांना बोलाविले. कंपन्या आल्या. बेकारी संपली. कोणत्याही तुलनेत सिंगापूर स्वस्त ठरू लागले.

आणि मग १९७९ साली त्या सरकारने असे पाऊल उचलले की ज्याचे नवल मला अजून वाटते. मालक, कामगार आणि सरकार यांच्या संयुक्त वेतनपरिषदेने ओळीने तीन वर्षे मजुरी भराभर वाढवावी अशी शिफारस केली, आणि ती अंमलात आली. जे मालक अल्प वेतनावर माणसे ठेवीत त्यांच्यावर एक पट्टी बसविली आणि तिचे उत्पन्न कामगारांच्या शिक्षणासाठी राखून ठेवले. हेतू उघड होता : जे उद्योग केवळ स्वस्त माणसांच्या आशेने आले होते त्यांनी एक तर चांगली यंत्रे आणावीत, नाही तर अन्यत्र जावे. स्वतःच्या देशाला हेतुपुरस्सर महाग करणारे सरकार! आपण कल्पना करा की एखादा मंत्री विधिमंडळात उभा राहून म्हणतो, पुढील तीन वर्षांत आपले राज्य या कोष्टकात खाली घसरेल, आणि ती आमची योजना आहे. किती जण ते ऐकून घेतील?

मी ही कथा येथेच थांबविली तर ती अपुरी राहील. १९८५ साली सिंगापुरात मंदी आली आणि स्वातंत्र्यानंतर प्रथमच उत्पन्न वाढण्याऐवजी घटले. चौकशीसाठी एक समिती नेमली गेली. तिने पाहिले की मजुरी कामापेक्षा अधिक वेगाने वाढली होती. त्यावरून सरकारने, मालकांनी कामगाराच्या भविष्यनिर्वाह निधीत भरावयाचा हिस्सा एका फटक्यात २५ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर उतरविला, कंपन्यांवरील कर ४० वरून ३३ टक्के केला, आणि वेतनवाढ दोन वर्षे आवरून धरली. म्हणजे धोरण फसले काय? मला तसे वाटत नाही. मजुरी वाढविण्याचा वेग चुकला. दिशा चुकली नव्हती. पण त्याहून महत्त्वाचे हे की कपात झाली ती प्रजेच्या विश्वासावर. आपल्या म्हातारपणाच्या शिदोरीतून सरकार आज काही काढून घेत आहे, ते उद्या परत करील, असा भरवसा नसता तर ही कपात शांततेने झाली असती असे मला वाटत नाही. आणि पुढे मालकांचा हिस्सा टप्प्याटप्प्याने पुन्हा वाढलाही. मुंबईच्या १९२८ च्या कपातीशी ही ताडून पाहा. तेथे कपात लादली आणि संप झाला. येथे कपात समजावून दिली, सर्वांचे ताळेबंद मांडून दिली, आणि कारखाने चालू राहिले. हा विश्वास कोणत्या बाबीखाली लिहावयाचा?

आता करांविषयी. या क्षेत्रात आयर्लंडचे नाव सर्वांच्या तोंडी आहे. १९५६ साली त्या देशाने निर्यातीच्या नफ्यावरील निम्मा कर माफ केला, १९५८ साली सगळा माफ केला, १९५९ साली शॅनन विमानतळाभोवती मुक्त क्षेत्र काढले. पुढे १९८१ पासून कारखानदारीला १० टक्के आणि २००३ पासून साडेबारा टक्के असा कर ठेवला. यावरून निष्कर्ष काढला जातो की कर कमी केला आणि देश श्रीमंत झाला. पण तारखा नीट पाहाव्यात. करमाफी १९५८ ची. आयर्लंडच्या भरभराटीचा काळ गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकातला. मधली तीस-पस्तीस वर्षे काय झाले? १९६७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले, नंतर प्रांतोप्रांती तंत्रमहाविद्यालये निघाली, आणि त्या शाळांतून बाहेर पडलेली मुले कर्त्या वयाला आली तेव्हा, १९८९ साली, इंटेल या अमेरिकी अर्धवाहक-कंपनीने कारखान्यासाठी तेथील लिक्सलिप हे गाव निवडले. करमाफी कागदावर एका दिवसात होते. शाळेला पिढी लागते. आणि ज्यांना केवळ खर्चच पाहावयाचा होता ते खर्चच पाहून निघूनही गेले : २००९ च्या जानेवारीत डेल कंपनीने लिमरिकमधील संगणकनिर्मिती पोलंडमधील वूच येथे नेण्याचे जाहीर केले आणि एकोणीसशे माणसांचे काम गेले. २०२४ पासून तर मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठी किमान १५ टक्के कराचा आंतरराष्ट्रीय करार आयर्लंडनेही लागू केला आहे.

सवलत देऊ नये, असे मी म्हणत नाही. आपल्या पूर्वजांनीही सवलती दिल्या. मराठी राज्यात नवी पेठ वसवावयाची असली म्हणजे शेटे-महाजनांना वतन आणि येणाऱ्या व्यापाऱ्यांना काही वर्षे जकातीची माफी असा कौल दिला जाई. आणि पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्या कुळाला इस्ताव्याने सारा ठरवून दिला जाई, म्हणजे पहिल्या वर्षी अगदी थोडा, दुसऱ्या वर्षी त्याहून जास्त, असा चढत चढत ठरल्या मुदतीनंतर पूर्ण दस्तावर येई. या पद्धतीतले शहाणपण मला फार मोलाचे वाटते. सवलत देतानाच ती केव्हा आणि कोणत्या क्रमाने संपणार हे कुळाला, पाटलाला आणि कुलकर्ण्याच्या दप्तराला ठाऊक असे. हल्लीच्या सवलतींची मुदत संपत आली की मुदतवाढीचा अर्ज येतो, आणि शेजारच्या राज्याचे कोष्टक त्याला जोडलेले असते.

कोस्टारिकाचे उदाहरण देऊन मी घराकडे वळतो. सैन्य १९४८ सालीच मोडून टाकलेला आणि तो पैसा शिक्षणाकडे वळविलेला हा मध्य अमेरिकेतील छोटा देश. १९९६ साली इंटेलने आपल्या नव्या कारखान्यासाठी ब्राझील, चिली आणि मेक्सिको बाजूला ठेवून त्याची निवड केली, तेव्हा जगाला आश्चर्य वाटले. कारण त्या तिघांच्या बाजारपेठेपुढे कोस्टारिका काहीच नव्हता. राष्ट्राध्यक्षांनी स्वतः लक्ष घातले, मोठ्या ग्राहकांसाठी विजेचा दर फेररचिला, कार्तागो येथील तंत्रसंस्थेचे अभ्यासक्रम बदलले; आणि एका कंपनीपुरती सवलत न देता जे द्यावयाचे ते सर्वांना लागू पडेल अशा नियमाने दिले. २०१४ साली इंटेलने तेथील जोडणीचे काम बंद करून आशियात नेले आणि सुमारे पंधराशे माणसे बेकार झाली. २०२० नंतर ते काम पुन्हा आले. २०२५ साली ते व्हिएतनाम आणि मलेशियाकडे हलविण्याचे पुन्हा जाहीर झाले. खर्चाच्या तुलनेवर आलेले काम खर्चाच्या तुलनेवरच जाते, ही येथवरची बाजू. दुसरी बाजू अशी की इंटेलचे अभियंते आणि संशोधन केंद्र तेथे राहिले, आणि मधल्या काळात वैद्यकीय उपकरणांचा व्यवसाय तेथे इतका वाढला की आज तो त्या देशाच्या निर्यातमालात अग्रभागी आहे. कंपनी गेली तरी शिकलेली माणसे गेली नाहीत. त्या पंधराशेंपैकी प्रत्येकाला पुन्हा काम मिळाले असेल असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

आता आपला हिशेब. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि १९६४ पासून सवलतींची सामूहिक योजना आहे. म्हणजे या विद्येत आपण नवखे नाही. तरीही आपल्या खर्चाची आपल्याला किती खरी माहिती आहे? भारतात मालाची ने-आण आणि साठवण यांवर राष्ट्रीय उत्पन्नाच्या १३-१४ टक्के खर्च होतो, हा आकडा वर्षानुवर्षे भाषणांतून, अहवालांतून, मंत्र्यांच्या निवेदनांतून आपण ऐकत आलो. २०२३ साली राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषदेने पद्धतशीर मोजणी केली, तेव्हा २०२१-२२ साठी तो ७.८ ते ८.९ टक्क्यांच्या दरम्यान निघाला. इतकी वर्षे आपण आपल्याच देशाला महाग म्हणवून घेत होतो, आणि तेही पुरेशा मोजणीविना! दुसऱ्या टोकाला जागतिक बँकेच्या व्यवसायसुलभतेच्या यादीत आपण २०१५ च्या अहवालातील १४२ व्या क्रमांकावरून २०२० च्या अहवालात ६३ व्या क्रमांकावर चढलो, याचा उत्सव झाला. पण त्यासाठी पाहिली जात होती ती केवळ मुंबई आणि दिल्ली. पुढे काही देशांच्या आकड्यांत गैरप्रकार आढळल्यावरून २०२१ साली बँकेने ती यादीच बंद केली. नंदुरबारच्या किंवा हिंगोलीच्या उद्योजकाला या चढणीचा कितपत अनुभव आला, हे त्यालाच विचारावे लागेल.

विजेचे पाहा. आपल्याकडे कारखान्याला पुरवठ्याच्या सरासरी खर्चाहून अधिक दर पडतो, कारण शेतीपंपाला आणि गरीब घराला तो कमी पडावा अशी योजना आहे. परदेशी कोष्टकात भारताची वीज महाग दिसते ती यामुळेही. शेतकऱ्याला मदत मिळालीच पाहिजे, असे माझे मत आहे. परंतु ती अर्थसंकल्पातून उघडपणे दिली जावी, कारखान्याच्या बिलातून गुपचूप नव्हे. आज शेतकऱ्याला आपण किती दिले हे ठाऊक नाही आणि कारखानदाराला आपण किती सोसले हे ठाऊक नाही, आणि दोघेही एकमेकांविषयी मनात अढी धरून आहेत. तीच गोष्ट चाकणच्या चौकात खोळंबलेल्या मालमोटारीची : तिच्या वाया गेलेल्या तासांचा खर्च कोणत्याही सवलतीने भरून निघत नाही, आणि रुंद रस्त्याचा लाभ मात्र कारखान्याबरोबर आळंदीच्या वारकऱ्यालाही मिळतो.

म्हणून माझी सूचना नेमकी आहे. केंद्र सरकार २००६ पासून अर्थसंकल्पासोबत सोडून दिलेल्या महसुलाचे विवरण मांडत आले आहे. तसेच विवरण राज्याने, उद्योगसवलतींपुरते का होईना, दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवावे, आणि त्यात प्रत्येक मोठ्या कराराची माहिती जिल्हावार द्यावी : कोणाला काय दिले, किती मुदतीसाठी, सवलत कोणत्या वर्षी किती उतरणार, त्या बदल्यात किती माणसे कामावर घेतली, त्यांतील किती कायम आणि किती कंत्राटी, आणि त्यांच्या शिक्षणावर कोणी किती खर्च केला. हा तपशील मराठीत छापला जावा आणि जिल्हा परिषदेच्या ग्रंथालयापर्यंत जावा. परदेशी गुंतवणूकदार आपल्या माहितीसाठी सल्लागार नेमू शकतो. हिंगोलीच्या बाईला तिच्या गावाजवळच्या वसाहतीत किती सारा माफ झाला हे कळण्यास दुसरी वाट नाही.